शेणाशिवाय गॅस होतो
"बायोगॅसच्या टाकीत भाजीचा कचरा घातला की टाकी आंबते, शेणाला पर्याय नाही" असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. आंबते, कारण आम्ल करणारे जिवाणू भराभर वाढतात आणि मिथेन, म्हणजे जळणारा गॅस, करणारे मागे पडतात. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या निसर्गऋण संयंत्रात यावर फार छान तोड काढलीय: कचऱ्याचा लगदा आधी वेगळ्या टाकीत जातो, तिथे गरम पाणी आणि हवा देऊन उष्णताप्रिय जिवाणूंकडून तो फोडून घेतात, मगच मुख्य टाकीत सोडतात. शेण लागतं ते सुरुवातीला, विरजणासारखं.

असं संयंत्र चालू असताना मी पाहिलंय. कोबीची पानं, केळीची सालं मिक्सरमधून पातळ होऊन पडत होती. नारळाच्या शेंड्या, काटक्या मात्र बाजूला काढलेल्या. त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला टणक करणारा घटक, या जिवाणूंनाही पचत नाही.