कट्यारमधली झरीना: फैयाजबाईंच्या कामाबद्दल कोणी बोलतच का नाही?

गिरणाकाठ (जळगाव)

मागच्या शनिवारी आमच्याकडे नाट्यगीतांचा कार्यक्रम झाला. गर्दी चांगली होती, गाणारी पोरंही तयारीची होती. 'कट्यार काळजात घुसली' या संगीत नाटकाचा भाग आला तेव्हा निवेदक वसंतराव देशपांडेंच्या खाँसाहेबांवर भरभरून बोलले, मग अभिषेकीबुवांच्या चाली, खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी गायक म्हणजे भार्गवराम आचरेकरांचे पंडितजी, दारव्हेकर मास्तरांचं लेखन, पणशीकरांची नाट्यसंपदा ही संस्था, सगळं आलं. आणि खाँसाहेबांची मुलगी झरीना? "इतर कलाकारांमध्ये फैयाज" एवढ्यावर आटोपलं. वर तिचं 'लागी कलेजवाँ कटार' हे पद वेळ नाही म्हणून गाळून टाकलं.

घरी आल्यावर मला झोपच लागेना. आमच्या घरात ती रेकॉर्ड वडिलांनी इतकी वाजवलीय की मला बाराखडीच्या आधी ती पदं पाठ झाली असतील, आणि लहानपणापासून मी त्यात सगळ्यात जास्त वाट बघायचे ती फैयाजबाईंच्या आवाजाची.

मला वाटतं ते सरळ सांगते. नाटकाचं नाव काय आहे बघा. राजाने दिलेली कट्यार खाँसाहेबांकडे आहे, पण कट्यार काळजात घुसल्याचं गाणं कोणाच्या तोंडी आहे? झरीनाच्या. 'लागी कलेजवाँ कटार' म्हणजे दुसरं काय आहे, नाटकाचं नावच आहे ना ते, तिच्या बोलीत. आपण आयुष्यभर 'घेई छंद मकरंद'च्या दोन चालींची तुलना करत बसतो, पंडितजींची सालगवराळी रागातली संथ आणि खाँसाहेबांची धानी रागातली द्रुत, आणि म्हणतो की हा दोन गायक्यांचा सामना आहे. माझ्या मते गायक्या तीन आहेत. तिसरी झरीनाची ठुमरी, म्हणजे भावाला धरून गायचं उपशास्त्रीय गाणं, जिला कोणाला हरवायचंच नाहीये. सगळं नाटक जिंकण्या-हरण्यावर चाललंय आणि ही एकटी नुसतं दुखतंय ते सांगते. फैयाजबाईंनी ते ज्या पद्धतीने गायलंय, बोल हळूच उलगडत, कुठेही तान मारून टाळी न मागता, त्याला मी फार मोठं काम मानते. सहाय्यक भूमिका म्हणून ते बाजूला पडलं याचं खरंच वाईट वाटतं.

पायपेटी (भुसावळ)

ताई, फैयाजबाईंबद्दल आदर आहेच, पण हे जरा जास्त होतंय. मी तीस वर्षं नाट्यगीतांना पेटीवर साथ करतोय. संगीत नाटकात भूमिका मोठी की छोटी ते पदांवर ठरतं, आणि कट्यार लिहिलंच आहे खाँसाहेबांभोवती. १९६७ साली ते नाटक आलं तेव्हा वसंतरावांच्या गळ्याला साजेल अशी भूमिका मराठी रंगभूमीवर दुसरी नव्हती, लोक त्या गळ्यासाठी रांगेत उभे राहिले. ठुमरी छानच आहे, पण जेवणात कोशिंबीर असते तशी आहे. सतत भारी गाणं ऐकून कान थकू नयेत म्हणून तिची जागा. कोशिंबिरीमुळे ताट सजतं, पोट भाकरीनेच भरतं.

आणि दुसरं, 'दुर्लक्षित' हा शब्द पटत नाही. फैयाजबाई २०१५ ला बेळगावच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष होत्या. यापेक्षा मोठा मान रंगभूमीवर कोणता? एका निवेदकाने नाव घाईत घेतलं म्हणून एवढा धागा?

गिरणाकाठ

दादा, मान मिळाला हे मीच आनंदाने सांगेन. पण बाईंना मान मिळणं वेगळं आणि या एका कामाकडे नीट कान देणं वेगळं. अध्यक्षपदाच्या वेळी त्यांच्याबद्दल लिहून आलं ते आठवा, एकूण कारकीर्द, लावणी, गझल, 'चार होत्या पक्षिणी त्या'. झरीना एका ओळीत.

कोशिंबिरीचं म्हणाल तर नाही पटलं. ती ठुमरी काढून टाका आणि नाटक मनात चालवून बघा, खाँसाहेब नुसता अहंकारी माणूस उरतो. त्याच्याच घरात, त्याच्याच पोरीच्या गळ्यात असा दुखरा सूर आहे हे ऐकलं की तो माणूस वाटायला लागतो. त्याचं निम्मं काम ती करून देते, आणि टाळ्या त्याला पडतात.

केळीबाग (रावेर)

मी पिक्चर बघितलाय २०१५ चा, त्यात झरीना अमृता खानविलकर होती ना. खरं सांगायचं तर मला नाटकात पण झरीना आहे हे माहीत होतं पण ती गाते हे आत्ता कळलं 🙏 काल रात्री ते गाणं शोधून ऐकलं, बागेत पाणी सोडलं होतं आणि लाईट रात्रीचीच असते आमच्याकडे म्हणून जागाच होतो, तीनदा ऐकलं भो. मला रागबिग काय कळत नाही पण ते 'सांवरिया' म्हणतात ना तिथे असं वाटतं की ही बाई समोरच्याला ऐकवत नाहीये, एकटीच बोलतेय. मी ताईंच्या बाजूने.

जुना प्रेक्षक (अमळनेर)

मी हे नाटक प्रत्यक्ष पाहिलं आहे. सत्तरच्या दशकात मुंबईला काकांकडे राहत होतो, शिवाजी मंदिरला पाहिलं. आता खोटं कशाला सांगू, मला वसंतरावांचा चेहरा आजही जसाच्या तसा दिसतो, पण फैयाजबाई रंगमंचावर कुठे उभ्या होत्या, काय केलं, हे आठवत नाही. ठुमरी आठवते, तीही बहुधा नंतर रेडिओवर ऐकल्यामुळे. त्यामुळे ताईंचा जीव तुटतो तो समजतो, पण प्रेक्षकाच्या मनात जे राहतं तोच नाटकाचा निकाल असतो असं माझं मत आहे. आणि स्त्री पात्रांचंच काढायचं तर पंडितजींची मुलगी उमा आहे की. वडील घर सोडून गेले, गाणं शिकायला आलेल्या सदाशिववर जीव, तिची कुचंबणा झरीनापेक्षा कमी नाही. तिच्याबद्दल कोण बोलतं?

पायपेटी

अगदी बरोबर बोलले काका. ताई, राग मानू नका पण तुम्ही नाटक पाहिलेलं नाही, रेकॉर्ड ऐकलीय. रेकॉर्डवर गायन कळतं, अभिनय कसा कळणार? तुम्ही गायिकेचं कौतुक करताय आणि त्याला अभिनेत्रीचं काम म्हणताय.

गिरणाकाठ

राग कशाचा. नाही पाहिलं, माझा जन्मच नंतरचा. पण संगीत नाटकात आवाजच अभिनय करतो ना दादा? वसंतरावांना तरी आपण आज कशावरून मोठं म्हणतो, आपल्यातल्या कितीजणांनी त्यांना पाहिलंय? रेकॉर्डवरूनच ना. मग त्यांच्या बाबतीत रेकॉर्ड पुरते आणि बाईंच्या बाबतीत पुरत नाही, असं कसं?

आणखी एक. फैयाजबाई सोलापूरच्या. त्यांच्या तोंडी ती हिंदुस्थानी शब्दफेक घरची वाटते. आपल्याकडे किती गायिका हे पद म्हणतात, सूर पक्के असतात पण 'कलेजवाँ' म्हणताना मराठी शाळेतली कविता म्हटल्यासारखं होतं. खाँसाहेबाच्या घरातली पोरगी वाटायला हवी ती शब्दातूनच.

उमाचं काकांनी काढलं ते योग्यच आहे, तिच्यावरही कोणीतरी लिहायला पाहिजे.

पांझरेवाली (धुळे)

मी उशिरा येतेय पण मला या विषयावर बोलायचंच आहे कारण मी स्वतः हौशी नाटकात अशीच कामं केलीत. आमच्या ग्रुपने एकदा सौभद्र केलं होतं, मी रुक्मिणी. सगळ्यांना माहितीय की सौभद्रात कृष्ण आणि सुभद्रा. रुक्मिणीला कोण विचारतो. पण 'नच सुंदरी करू कोपा' हे पद कृष्ण कोणासाठी म्हणतो? रुसलेल्या रुक्मिणीसाठी. आता कृष्ण पद घेतो, वन्स मोअर येतो, परत घेतो, दहा-बारा मिनिटं सहज जातात, आणि त्या सगळ्या वेळात तुम्ही पाटावर बसून रुसलेल्या असता. तुम्हाला एक शब्द नाही. लगेच हसलात तर त्याने पुढचं कोणासाठी म्हणायचं? फार रुसलात तर त्याच्या लाडीगोडीला अर्थ नाही. 'नारी मज बहु असती' या ओळीला जरासं वळायचं, पण माफ नाही करायचं, कारण अजून त्याचं कडवं बाकी आहे. हात कुठे ठेवायचे इथपासून प्रश्न. मला हे कळायला चार तालमी गेल्या आणि पहिल्या दोन तालमीत मी नुसती पदर चाळवत होते.

प्रयोगानंतर सगळे कृष्णाला भेटायला. साहजिक आहे, गायलाच होता तसा. पण त्या पोराने मला सांगितलं की ताई तुम्ही दुसऱ्या कडव्याला मान वळवली ना, तिथे मला पुढची जागा सुचली. मला त्या दिवशी मिळालेली दाद तेवढीच, आणि मी ती अजून जपून ठेवलीय.

म्हणून काकांना एवढंच विचारते, फैयाजबाई कुठे उभ्या होत्या हे आठवत नाही, पण वसंतरावांचा चेहरा आठवतो ना? तुमची नजर त्यांच्यावरून हलली नाही, ती समोरच्या माणसानेही हलू दिली नाही. एवढी मोठी गाणारी बाई मंचावर आहे आणि तुमचं लक्ष तिने स्वतःकडे ओढून घेतलं नाही, हे मला तरी आपोआप घडल्यासारखं वाटत नाही.

जुना प्रेक्षक

पोरी, हे मी कधी या बाजूने पाहिलंच नव्हतं. पन्नास वर्षं झाली. खाँसाहेब रागावून वळतात तो क्षण मला दिसतो, पण ते कोणाकडे बघून वळले? समोर कोणीतरी असणारच. आज दिवसभर आठवायचा प्रयत्न करतोय.

पायपेटी

पांझरेवाली ताईंचा रुक्मिणीचा मुद्दा मला मान्य आहे, शंभर टक्के. साथीला बसलो की आम्हालाही हेच करावं लागतं, गायक थांबला की आपण भरायचं आणि तो आला की मागे सरायचं, आणि चांगली साथ झाली की लोक म्हणतात आज गायक रंगला. ते दुःख मला माहीत आहे.

पण माझा मूळ मुद्दा मी सोडत नाही. झरीना लेखनातच कमी पडते. तिला सदाशिवबद्दल काय वाटतं, बापाबद्दल काय वाटतं, हे नाटक पुरतं बोलू देत नाही. गाणाऱ्या नटीने कितीही जीव ओतला तरी कागदावर नसलेलं पात्र उभं राहत नाही. तुम्ही ठुमरीतून जे ऐकता त्यातलं निम्मं तुम्ही स्वतः घातलेलं आहे.

गिरणाकाठ

कागदावर कमी आहे हे खरं शे दादा. मी तिथेच तर अडकलेय. कागदावर कमी असून मला ती पूर्ण माहीत असल्यासारखी वाटते. ते निम्मं मी घातलं म्हणता, पण मी आठ वर्षांची होते हो तेव्हा. मला प्रेम माहीत नव्हतं, घराणं माहीत नव्हतं, ठुमरी शब्द माहीत नव्हता. तरी ते गाणं लागलं की मी आईला चिकटून बसायचे आणि वडील आवाज वाढवायचे. माझ्याकडे त्यात घालायला होतंच काय?

केळीबाग

ताई 🙏🙏

पांझरेवाली

गिरणाकाठ ताई, गाळलेलं गाणं आपण का नाही करत? धुळ्याहून मी येते, अडीच-तीन तासांचा तर रस्ता आहे. मोठा हॉल नको, कोणाच्या तरी घरी. आधी पाच मिनिटं कोणीतरी झरीना कोण ते सांगायचं, मग गाणं, पूर्ण, घाई न करता.

पायपेटी

घर माझं घ्या. भुसावळ स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, काका अमळनेरहून गाडीने आरामात येतील. तबल्याला माणूस आणतो. कोण गाणार ते ठरवा आणि पट्टी, म्हणजे पेटीवरचा कोणता सूर 'सा' धरायचा ते, आधी कळवा, काळी चार की पांढरी पाच, म्हणजे मी बसून ठेवतो. ठुमरीची साथ बरेच दिवसात केली नाही. माझं मत बदललेलं नाही, पण गाणं पूर्ण झालं पाहिजे हे मलाही वाटतं.

गिरणाकाठ

काळी चार. मीच म्हणते.