जुने सिस्टिम कॉल: काढा की राहू द्या?

अर्धविराम: सिस्टिम कॉल म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, काम मागायची ठरलेली वाट. लिनक्स ५.५ मधून (जानेवारी २०२०) कर्नलच्या सेटिंग वाचायचा-बदलायचा सिसकंट्रोल (sysctl) हा कॉल गेला. त्या नावाची कमांड शाबूत आहे, ती /प्रॉकमधून, म्हणजे कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो तिथून, काम भागवते. पुढे ५.१५ मधून बीडीफ्लश हा दुसरा कॉल गेला. हा तर २.६ पासून नुसता नावाला उरलेला, बोलावला तरी काही करायचा नाही. तो काढायला २०२१ उजाडलं! न वापरातला कोड कोणी वाचत नाही आणि सुरक्षेची भोकं तिथंच सापडतात. दोन वर्षं इशारा द्या, मग सरळ काढा.

जुनंखोड: वापरात नाही हे ठरवणार कोण? कर्नल डीमेसगमध्ये (त्याच्या नोंदवहीत) ओळ टाकायचा, की अमक्या प्रोसेसने जुनाट सिसकंट्रोल वापरला. वाचतो कोण ती? आमच्या भोसरीच्या शेडमध्ये एक मशीन आहे. प्रोग्रॅम स्टॅटिक लिंक केलेला, म्हणजे जुनी लायब्ररी आतच बांधलेली, सोर्स नाही, बनवणाऱ्याने दुकान गुंडाळलंय. लिनक्सचे जनक टॉरवाल्ड्स युजरस्पेस, म्हणजे कर्नलवर चालणारे प्रोग्रॅम, मोडू देत नाहीत ते आमच्यासारख्यांच्या नशिबाने.

अर्धविराम: अहो, जुन्या ग्लिबसीची, म्हणजे लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीची, थ्रेड लायब्ररी हा सिसकंट्रोल कॉल करायची ते कर्नलच्या व्हर्जनमध्ये 'एसएमपी' (अनेक प्रोसेसरसाठीचा) लिहिलंय का एवढं बघायला. कॉल फसला तर तेच /प्रॉकमधून वाचायची. म्हणून तेवढ्या वापरासाठी कर्नल इशाराही देत नसे. तुमचं मशीन बहुतेक चालेल.

पफरफिश: ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमने २०१४ मध्ये टाइम-टी (वेळ साठवायचा प्रकार) ६४ बिटांचा केला आणि जुन्या बायनरी (तयार प्रोग्रॅम) सरळ मोडल्या. त्यांना परवडतं, कर्नल आणि सी लायब्ररी एकाच घरची. लिनक्समध्ये कर्नल एकाचा, ग्लिबसी दुसऱ्याची, डिस्ट्रो (सगळं एकत्र बांधून देणारा संच) तिसऱ्याची. आर्म६४ या नंतर आलेल्या प्रोसेसर-प्रकारावर मात्र लिनक्सने ओपन (फाइल उघडायचा), फोर्क (नवी प्रोसेस काढायचा) हे जुने कॉल मुळातच दिले नाहीत. ओपनॲट आणि क्लोन वापरा म्हणाले.

जुनंखोड: नव्या प्लॉटवर घर बांधताना भिंती पाडाव्या लागत नाहीत, त्याचं काय कौतुक! आणि ६४ बिट इंटेलवरचा सिसकंट्रोलचा १५६ हा ओळखनंबर अजून अडलेलाच आहे. दुसऱ्या कॉलला देता येत नाही. वाचलं काय?

अर्धविराम: नंबर नाही, कोड वाचला. हजारावर ओळी गेल्या.

जुनंखोड: बरं. उद्या दुसऱ्या पाळीला त्या मशीनवर एस-ट्रेस (strace, प्रोग्रॅम कुठले कॉल करतो ते दाखवणारं साधन) लावून बघतो. डीमेसग कोरा असला तरी मी मानणार नाही. तो गप्प बसतो हे तुम्हीच आत्ता सांगितलंत.