‘धरणे’, ‘त्रागा’ आणि ‘सत्याग्रह’ : अहिंसक प्रतिकाराच्या शब्दांविषयी

प्रश्न : द्वेषाच्या राजकारणाविरुद्ध कोणी उपोषण केले किंवा मोर्चा काढला, की त्याच्या वृत्तांतात ‘सत्याग्रह’, ‘धरणे’, ‘निःशस्त्र प्रतिकार’ आणि ‘निष्क्रिय प्रतिकार’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरलेले दिसतात. त्यांच्या अर्थांत काही फरक आहे काय? आणि ‘अहिंसा’ व ‘बळ’ हे शब्द विरुद्धार्थी समजावेत काय?

उत्तर : फरक आहे, आणि तो केवळ छटेचा नाही.

या चौघांत ‘धरणे’ सर्वांत जुना. पूर्वी येणेकरी आपले पैसे वसूल करण्यासाठी देणेकऱ्याच्या दारात अन्नपाणी सोडून बसत असे. तो दारात उपाशी असताना घरच्यांनी जेवू नये असा संकेत होता, आणि तो तिथेच मेला तर त्याचे पाप घरधन्याच्या माथी बसेल अशी समजूत होती. ‘त्रागा’ याहून उग्र. त्यात माणूस स्वतःलाच इजा करून घेत असे आणि त्या रक्ताचा दोष समोरच्यावर टाकत असे. आज आपण ‘उगाच त्रागा करू नकोस’ असे म्हणतो तेव्हा चिडचिडीपलीकडचा अर्थ मनात येत नाही, पण शब्दाचे मूळ बळ हे आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ५०८, म्हणजे दैवी कोपाची भीती घालून एखाद्याकडून काही करवून घेण्याचा गुन्हा, समजावताना कायदा करणाऱ्यांनी उदाहरण दिले ते दारात धरणे धरून बसणाऱ्याचेच.

या दोन्ही प्रकारांत हाती शस्त्र नाही आणि समोरच्याला कोणी बोटही लावत नाही. तरीही त्यांना अहिंसक म्हणणे मला योग्य वाटत नाही, कारण घरधनी पटले म्हणून नव्हे तर धास्तावून नमतो. म्हणून ‘निःशस्त्र’ आणि ‘अहिंसक’ हे पर्यायी शब्द नव्हेत. ‘निःशस्त्र’ हा शब्द हातात काय नाही एवढेच सांगतो.

‘निष्क्रिय प्रतिकार’ हे ‘पॅसिव्ह रेझिस्टन्स’चे शब्दशः भाषांतर, आणि ते टाळावेच. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्ग येथील एम्पायर थिएटरमध्ये ट्रान्सवालच्या भारतीयांनी सक्तीच्या नोंदणीपुढे न झुकण्याची शपथ घेतली, तेव्हा त्या लढ्यासाठी हेच इंग्रजी नाव वापरात होते. ते दुबळ्यांचे हत्यार मानले जाते, आणि त्यात द्वेषाला व प्रसंगी हिंसेलाही जागा राहते, हे ध्यानात आल्यावर गांधीजींनी आपल्या ‘इंडियन ओपिनियन’ या साप्ताहिकातून नवा शब्द मागवला. मगनलाल गांधी यांनी ‘सदाग्रह’ सुचवला आणि गांधीजींनी त्याचा ‘सत्याग्रह’ केला. यातला ‘आग्रह’ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पंगतीत वाढणारा ‘आणखी एक घ्याच’ म्हणतो, तेव्हा तो हटतही नाही आणि पाहुण्याचा हातही पिरगळत नाही.

याच कारणाने ‘अहिंसा’ आणि ‘बळ’ ही विरुद्धार्थी जोडी मानणे चूक आहे. अहिंसेचा विरुद्धार्थी शब्द हिंसा. भ्याडपणा आणि हिंसा यांपैकीच एक निवडायची वेळ आली तर आपण हिंसेचा सल्ला देऊ, असे गांधीजींनी १९२० मध्ये ‘यंग इंडिया’त लिहिले होते. त्यांच्या हिशेबी अहिंसेला धैर्य हिंसेपेक्षा अधिक लागते.

मराठी मुलखात ‘सत्याग्रह’ या शब्दाची खरी कसोटी लागली ती महाडला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि परिषदेसाठी जमलेले लोक, जिथे अस्पृश्यांना पाणी भरू दिले जात नसे त्या चवदार तळ्यावर शिस्तीने गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत अशी हूल गावात उठवली गेली, आणि लाठ्याकाठ्या घेतलेला जमाव मंडपात जेवणाऱ्या लोकांवर चालून आला. अन्न मातीत गेले, माणसे जखमी झाली. उलट वार करण्यास तयार असलेल्यांची संख्या मोठी होती आणि त्यांत लष्करात नोकरी केलेलेही होते. ‘जशास तसे’ करणे त्या संध्याकाळी अवघड नव्हते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. हल्लेखोरांपैकी काहींना पुढे न्यायालयाने शिक्षा दिली. डिसेंबरात ‘सत्याग्रह परिषद’ याच नावाने लोक पुन्हा महाडला जमले. परंतु न्यायालयाचा मनाई हुकूम झालेला असल्यामुळे त्यांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली आणि पाण्याला हात लावला नाही. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. ही दहा वर्षे ‘निष्क्रिय’ या शब्दात कशी बसवायची?

त्याच लढ्यातला आणखी एक प्रसंग मला यापेक्षाही मोलाचा वाटतो. ब्राह्मणेतर चळवळीतील केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला, पण सत्याग्रहात ब्राह्मणांना घेऊ नये अशी अट घातली. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. आपला विरोध ब्राह्मण्याला आहे, ब्राह्मण व्यक्तींना नाही, अशी त्यांची भूमिका होती. मनुस्मृती जाळण्याचा ठराव डिसेंबरच्या त्याच परिषदेत मांडला गेला, आणि तो मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे ब्राह्मण होते. द्वेषाशी लढताना द्वेष न पत्करणे म्हणजे नेमके काय करणे, हे इतक्या ठळकपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला आपल्याकडे आठवत नाही. ‘संवाद’ हा शब्दही इथेच नीट कळतो. तो ‘समेट’ नव्हे आणि ‘तडजोड’ही नव्हे, कारण महाडला मूळ मागणीतले तसूभरही सोडले गेले नाही, फक्त पलीकडच्या माणसाला अलीकडे येण्याची वाट बंद केली गेली नाही.

प्रतिप्रश्न : मग विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी पंढरपूरला केलेले उपोषण आपण कशात धराल? प्राण पणाला लावून बडव्यांना, म्हणजे मंदिराच्या पुजाऱ्यांना, नमवणे हा आपल्याच व्याख्येने त्रागा ठरत नाही काय?

उत्तर : आक्षेप रास्त आहे. १ मे ते १० मे १९४७ हे दहा दिवसच पाहिले, तर दारात बसलेला येणेकरी आठवतो हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याआधीचे काही महिने गुरुजी महाराष्ट्रभर फिरून सभा घेत होते, लोकांशी बोलत होते, आणि त्या दौऱ्यात अनेक गावांनी आपली देवळे व पाणवठे आपण होऊन खुले केले. विठ्ठलमंदिर खुले होण्यापूर्वी लोकमत पुष्कळ वळलेले होते. माझ्या मते त्या उपोषणाला सत्याग्रह म्हणता येते ते या दौऱ्यामुळे. दौऱ्याविना केलेल्या उपोषणाला तो शब्द लावताना मी थांबेन.

प्रतिप्रश्न : ज्यांच्याशी बोलायला जावे तर ते पिस्तूल काढतात, त्यांच्यापुढे या शब्दांचा काय उपयोग? डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्यभर संवादच केला.

उत्तर : २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे यांच्यावर हल्ला होऊन त्यांचा मृत्यू झाला. मारेकऱ्याचे मन त्या क्षणी संवादाने वळले असते असा दावा कोणीही करू नये, मीही करत नाही. मात्र मारेकऱ्याभोवती जो मोठा समाज असतो, ज्यातून त्याला आसरा मिळतो किंवा नाकारला जातो, त्याच्याशी बोलणे हाच संवादाचा मुख्य भाग आहे, आणि त्यांचे सहकारी खुनानंतर तेच करत राहिले. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दाभोलकर वर्षानुवर्षे झटले, तो २०१३ च्याच डिसेंबरात विधिमंडळाने मंजूर केला.

मारेकऱ्याच्या बाबतीत जे करायचे त्याला मराठीत वेगळा शब्द आहे, तो म्हणजे ‘दंड’, कायद्याने दिलेली शिक्षा. दाभोलकरांच्या खुनाच्या खटल्यात पुण्याच्या न्यायालयाने १० मे २०२४ रोजी दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले. पुरावा मागणारे, आरोपीला बाजू मांडू देणारे आणि पुरावा नसेल तेथे सोडून देणारे हे बळ आहे. त्याला हिंसा म्हटले तर टोळीच्या गोळीला वेगळा शब्द उरत नाही. याच भेदाची दुसरी बाजू डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात मांडली. घटनात्मक मार्ग मोकळे असताना कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह हे मार्ग म्हणजे अराजकाचे व्याकरण होय, असे त्यांनी बजावले. महाडच्या नेत्याचेच हे शब्द असल्यामुळे ते आपल्याला टाळता येत नाहीत. पण त्यांतली अटही विसरता येत नाही, कारण ते मार्ग खरोखरच मोकळे आहेत की नाहीत हे प्रत्येक वेळी तपासावे लागते.

लेखनापुरते सांगायचे तर : मागणीसाठी कार्यालयापुढे बसलेल्यांसाठी ‘धरणे’ हा शब्द आता रुळला आहे, तो ठेवावा, ‘निष्क्रिय प्रतिकार’ गाळावा, शस्त्र नसल्याचेच सांगायचे असेल तर ‘निःशस्त्र’ म्हणावे, आणि समोरच्याला पटवण्याचा प्रयत्न व स्वतः सोसण्याची तयारी दोन्ही दिसत असतील, तेथेच ‘सत्याग्रह’ लिहावे.