मदत हवी आहे: पुरात भिजलेला अल्बम आणि विहिरीचं पाणी

नमस्कार मंडळी. २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या आमच्या घरात छातीभर चढलं. २००५ला ते उंबऱ्यापाशीच थांबलं होतं, त्या हिशोबानेच सामान माळ्यावर न टाकता टेबलावर ठेवलं. चार दिवस घमेल्याने गाळ उपसतोय. फरशी, भांडी निघतील. प्लायवूडचं कपाट फुगलंय, त्याची आशा सोडली.

खरी काळजी आईबाबांच्या लग्नाच्या अल्बमची आहे. पानं एकमेकांना चिकटलीत, कडांना बारीक लाल माती बसलीय. एक फोटो ओढला तर आईच्या चेहऱ्यावरचा रंग पापुद्र्यासारखा निघाला. तेव्हापासून हातच लावला नाही. स्वच्छ गार पाण्यात बुडवून ठेवले तर सुटतील का? की आधी प्लास्टिकमध्ये गुंडाळून बहिणीकडे फ्रीझरमध्ये ठेवू? वाळवायला ऊन नाही, पाऊस चालूच आहे.

दुसरं, विहिरीत पुराचं पाणी गेलंय. उपसा झाल्यावर ब्लीचिंग पावडर किती टाकायची आणि पाणी कधीपासून वापरायचं? बोर्डात गाळ आहे म्हणून मेन स्विच बंदच ठेवलाय, ते वायरमन बघेल.

ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा. अल्बमचं तर लवकर सांगा, आई रोज विचारते.