तोफ भेकडाचं हत्यार? मग असईच्या लढाईतल्या गोलंदाजांना, म्हणजे तोफचींना, काय म्हणायचं?

पंचगंगाकाठ
पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेचे फोटो टाकताना मर्दानी_पट्टा यांनी काल लिहिलं की मराठ्यांचं खरं युद्ध ढाल-तलवारीचं, तोफ हे लांबून मारणाऱ्या भेकडांचं हत्यार, आणि गारद्यांच्या (पगारी कवायती पायदळाच्या) तोफांच्या नादी लागलो म्हणून पानिपत झालं. खाली सगळ्यांनी बदाम टाकले. मला रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

ज्या पन्हाळ्यावरून तुम्ही चालायला सुरुवात केलीत, त्याच गडावर 1660 मध्ये राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरच्या बाजूनं, आपलं निशाण फडकावून तोफा डागल्या. महाराजांना तोफांचं मोल कळत होतं. पुढच्याच वर्षी राजापूरची वखार लुटली आणि हेन्री रेव्हिंग्टन कैदेत गेला. पुरंदर घ्या. 1665 मध्ये मिर्झाराजाच्या तोफा डोंगर चढवून पुरंदरच्या जोडकिल्ल्यासमोर, वज्रगडासमोर आणल्या गेल्या. 14 एप्रिलला वज्रगड पडला आणि पुरंदरची माची माऱ्यात आली. मुरारबाजींसारखा माणूस गेला, तह झाला, 23 किल्ले द्यावे लागले. तिथं तलवारी कमी पडल्या का?

आपल्याच कोल्हापूरच्या गादीसाठी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिलं. त्यात दारूखाना, म्हणजे तोफा-बंदुकांच्या दारूचं कोठार, घरांपासून लांब असावा, आठ-पंधरा दिवसांनी दारू आणि बाण बाहेर काढून ऊन द्यावं, इथपर्यंत बारकावे आहेत. टोपीकरांचं, म्हणजे युरोपियनांचं, बळ आरमार आणि दारूगोळ्यात आहे, हेही त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलंय. बावड्याच्या याच पंतांना जे 1715 साली दिसत होतं ते आपल्याला आज दिसू नये?

आणि असई. 23 सप्टेंबर 1803. शिंद्यांच्या गोलंदाजांनी इंग्रज सेनापती वेलस्लीची दीड हजारांवर माणसं मारली किंवा जखमी केली. इंग्रजांची फळी तोफांवरून पुढं गेली तेव्हा मेल्यासारखे पडून राहिलेले गोलंदाज उठले आणि त्याच तोफा त्यांनी इंग्रजांच्या पाठीवर वळवल्या. शेवटी ते तोफेपाशीच कापले गेले. तोफा आपल्या होत्या, महादजींच्या काळापासून आग्र्याला ओतल्या जात होत्या. पण पलटणींचे अधिकारी उसने होते, आणि ऐन वेळी त्यातले कितीतरी इंग्रजांना जाऊन मिळाले. आपली दुखरी जागा ही आहे.

मर्दानी_पट्टा
आमच्या घरात चार पिढ्या पट्टा फिरतोय, त्यामुळं इतिहास आम्हाला शिकवू नका. औरंगजेबाकडं तोफा कमी होत्या का? जिंजीला आठ वर्षं वेढा घालून बसला त्याचा सरदार. विशाळगड 1702 मध्ये शेवटी पैसे मोजून घ्यावा लागला. आणि परतताना आपल्या सह्याद्रीच्या पावसात त्याच तोफखान्यानं, त्याच बाजारबुणग्यांनी त्याच्या फौजेचे हाल केले. संताजी-धनाजींनी तोफा ओढत नेल्या असत्या तर ते जगले असते? मराठ्याचं बळ घोड्याच्या पायात. उदगीरच्या लढाईत गारद्यांचा सरदार इब्राहिमखान याच्या तोफा चालल्या म्हणून भाऊसाहेब हुरळले आणि भाडोत्री गारद्यावर विसंबले. मल्हारराव गनिमी कावा सांगत होते, ऐकलं कुणी?

शुतुरनाळ
भाडोत्री हा शब्द मागं घ्या. 14 जानेवारी 1761 ला सकाळपासून ज्या पलटणी तुटून पडल्या त्या इब्राहिमखानाच्याच. बहुतेक माणसं तिथंच कापली गेली, तो स्वतः जखमी होऊन पकडला गेला आणि अब्दालीच्या छावणीत मारला गेला. पगार तर सगळेच घेत होते. तोफेचंच बोलायचं तर अब्दालीनंही तोफा वापरल्याच की! त्याच्या हलक्या, उंटावरच्या, हव्या तिकडं वळणाऱ्या. आपल्या जड, जागच्या न हलणाऱ्या. शिवाय आपलं सैन्य उपाशी. गोविंदपंत बुंदेले पडल्यावर रसद तुटली होती. दोष तोफेच्या माथी मारणं सोपं आहे.

गडहिंग्लजचा_गनर
भेकड म्हटलंत म्हणून लिहायला बसलो, एरवी मी नुसता वाचत असतो. 1999 ला कारगिल युद्धात द्रासला होतो, बोफोर्स तोफेवर. एक गोळा 40 किलोच्या वर भरतोय. तो रात्रभर हातानं उचलायचा, आणि हवा अशी की दोन पावलं पळालं की छाती भरून यायची. आपला बार सुटला की वर बसलेल्या शत्रूला आपली जागा कळायची, मग त्याचे गोळे आमच्यावर. म्हणून कोण तोफ सोडून पळालं नाही. आमचे ओपी, म्हणजे पुढून मारा बघून सांगणारे, अधिकारी पायदळाबरोबर पुढं चढायचे, फायर मागवायला. त्या लढाईत आपल्या तोफखान्यानं अडीच लाखांच्या आसपास गोळे टाकले. तोलोलिंगचं शिखर चढलेल्या पोरांना विचारा, वरचा बंकर गप कुणी केला. माझा डावा कान तिथंच गेला. नातवाला सांगावं लागतंय, बाळा, उजवीकडून हाक मार.

मर्दानी_पट्टा
काका, तुम्हाला कोण काय बोललं? तुमच्या पायावर डोकं. मी जुन्या काळाबद्दल बोलतोय.

पंचगंगाकाठ
असईचे गोलंदाज जुन्या काळातलेच होते.

इतिहासाची_बाई
दोघंही ताणताय. तोफ एकटी लढाई जिंकत नाही. पहिल्या महायुद्धात, 1916 मध्ये फ्रान्समधल्या सोमला इंग्रजांनी आठवडाभर 15 लाख गोळे टाकले आणि 1 जुलैला त्यांची 57 हजारांवर माणसं एका दिवसात मेली-जखमी झाली, कारण जर्मन खोल खंदकांत शाबूत राहिले होते. पण तोफेवाचून किल्ला टिकतो हेही खोटं. 1818 मध्ये रायगडावर इंग्रजांचे कुलपी (पडून फुटणारे) गोळे पडले, वाडे जळाले आणि गड गेला. 1844 च्या गडकऱ्यांच्या (किल्ल्यांवरच्या शिबंदीच्या) इंग्रजांविरुद्धच्या बंडात सामानगड आणि पन्हाळा तोफांपुढंच पडले. आपण पन्हाळ्यावर फिरतो तेव्हा इंग्रजांनी तेव्हा पाडलेला चार दरवाजा का दिसत नाही, हे मुलांना कधी सांगतो का?

गडवाट
बाई, मुलांना काय सांगायचं, आहेत त्या तोफांचं तरी बघा! आमच्या गावात एक तोफ वेशीजवळ उलटी पुरलेली होती, तिला म्हशी बांधायचे. आम्ही पोरांनी ती उकरून काढली. परवानगीसाठी एका कचेरीत खेटे घातले, कुणी दाद दिली नाही. तोवर कुणीतरी सिमेंटचा कट्टा बांधून तोफ त्यात अर्धी गाडली आणि वर रुपेरी ऑइलपेंट मारला. बत्ती द्यायच्या भोकात सिमेंट! मला रडू आलं.

शुतुरनाळ
गंजावरूनच रंग मारला असेल तर आत ओल कोंडते आणि लोखंडाचे पापुद्रे सुटतात. दहा पावसाळ्यांनी जे झालं नसतं ते दोनात होतं.

मर्दानी_पट्टा
रंग आमच्या मंडळानं पण मारलाय एका तोफेला. निदान लोक पाया पडतात आता, पूर्वी तिच्यावर बसून दारू प्यायचे. तुम्ही अभ्यासू लोक कुठं होता तेव्हा?

गडवाट
म्हणजे तोफ भेकडांची, पण हार घालायला चालते?

मर्दानी_पट्टा
तोंड सांभाळून. शिवजयंतीला घाम आम्ही गाळतो. सागवानी गाडा करून बसवायचा तर खर्च कोण देणार?

गडवाट
गाड्याचं नंतर. अगोदर मोजमाप, फोटो, नोंद. किती तोफा भंगारात गेल्या कुणाला ठाऊक? कट्टा बांधणाऱ्यानं तोफेवर काही कोरलंय का, एवढं तरी बघितलं का? अक्षरं, ओतल्याचं साल, वजनाचा आकडा, सगळं सिमेंटखाली.

इतिहासाची_बाई
गडवाट, चिडून उपयोग नाही. त्यांच्या मंडळाकडं माणसं आहेत, तुमच्याकडं माहिती आहे. आणि पट्टा, रंग मारण्याआधी एकदा विचारायला काय हरकत होती? कॉलेज इथंच आहे.

गडहिंग्लजचा_गनर
रंग पुढच्या वेळेला काढा. पहिलं तिच्या तोंडाला लाकडी बूच बसवा. नळी तोंडाकडं जरा खाली कलती ठेवा, पाणी आत साठू देऊ नका. आम्हाला नळी रोज पुसावी लागायची, युद्ध असो नसो. न पुसता झोपलेला गनर मी बघितला नाही.

मर्दानी_पट्टा
बूच बसवतो, काकांनी सांगितलं म्हणून. इब्राहिमखान मैदानात राहिला हे मान्य, भाडोत्री म्हणणार नाही. पण ज्यांनी सत्तावीस वर्षं औरंगजेबाला झुंजवलं ते घोडेस्वार होते, यावर मी हटणार नाही.

पंचगंगाकाठ
हटू नका. भेकड शब्द तेवढा फोटोखालून काढा.

मर्दानी_पट्टा
काढला.

गडवाट
आणि रंग कधी काढताय? कचकागद घेऊन गंज घासायला बसू नका, नक्षी जाईल. अगोदर सगळ्या बाजूंनी फोटो पाठवा.