शेताच्या शेडला खांब लाकडाचे की लोखंडाचे?

माळवीभाऊ: इंदूरकडे सांवेरजवळ आमच्या शेतात ट्रॅक्टर, भुसा नि सोयाबीनची पोती ठेवायला २० बाय ४० फुटी शेड टाकायचीय. बाबा म्हणतात जुन्या घराच्या सागाच्या तुळया पडल्यात त्याच खांब म्हणून गाड, वेल्डर म्हणतो लोखंडी पाइप. काय करू?

राजवाडा७: लाकूड जमिनीत अजिबात गाडू नका हो. आमच्या गोठ्याचा खांब वरून ठणठणीत, पण जमिनीलगत वीतभर वाळवीने पोखरलेला, स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत! सागाचा गाभा टिकतो, बाहेरचं पांढरं लाकूड नाही.

देपालपूरकर: लोखंडच घ्या, पण इंदूरकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खोल न्या आणि काँक्रीट जमिनीच्या वर आणून त्यावर बेसप्लेट (खांबाच्या तळाची लोखंडी प्लेट) बोल्टने बसवा, पाइप नुसता मातीत रोवला तर तोही तिथेच गंजतो. वेल्डिंगवर रेड ऑक्साइड (गंज रोखणारा रंग) समोर उभं राहून मारून घ्या. आमचा वेल्डर ‘नंतर मारतो’ म्हणाला, ते ‘नंतर’ अजून यायचंय.

माळवीभाऊ: मग खांब लोखंडी, वर आडव्या तुळया? बाबाही खूश.

देपालपूरकर: चालेल की, फक्त तुळयांचं वजन वेल्डरला आधी सांगा.