आई-बाबा लंडनला जाऊन राहिले: मुंबईहून थेट की नागपूर-दोहा?

दारव्ह्याचा_पोट्टा: ताई लंडनला आहे. मे महिन्यात आई-बाबा पहिल्यांदाच विमानात बसणार. दोघांचं जाणं-येणं दीड लाखात बसवायचं, सोयाबीनचे तेवढेच उरले. बाबांना शुगर, आईचे गुडघे. मृगाच्या आत घरी पायजे. मुंबई-लंडन थेट विमान दुपारी २ ला निघून संध्याकाळी साडेसातला पोचते. येताना रात्री ९ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मुंबई. बाबा म्हणतात, "जाताना साडेपाच तास अन् येताना साडेतेरा? मंधात घाट लागते का?" काय सांगू त्यायले?

सावजी_रस्सा: दीड लाखात काय होते भाऊ! माह्या साळ्यानं एकट्याचे दोन मोजले. बिझनेस क्लास पाह, आडवं होऊन झोपता येते.

कापूसकोंड्या: नागपूर-दोहा-लंडन घे. २०२३ ले आमची माय एकटी गेली. दोह्यापर्यंत साडेचार तास, पुढं सातेक. सामान नागपुरात दिलं ते थेट लंडनले भेटलं. मुंबईचं तोंड पाहाचं काम नाही.

निवृत्त_गुरुजी: बाबांना सांगा, घाट नाही, घड्याळ आहे. मे महिन्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, हिवाळ्यात साडेपाच. जातानाच्या साडेपाचात साडेचार मिळवा, १० तास. येतानाच्या साडेतेरातून साडेचार वजा करा, ९ तास. राहिला एक तास, तो वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना तोंडावर, येताना पाठीशी.

वऱ्हाडी_ठेचा: अंतर ७,२०० किलोमीटर, स्पीड ९०० चा. आठच तास झाले ना गुरुजी. दहा काहून?

निवृत्त_गुरुजी: ७,२०० हे सरळ रेषेतलं. आपली एसटी तरी सरळ रेषेत जाते का? विमानालाही बंद असलेलं आकाश टाळून वळसा घ्यावा लागतो. वर चढणं, उतरणं, धावपट्टीवरची रांग वेगळीच.

मूर्तिजापूर_जंक्शन: दारव्हा वाचून तिथली हळू चालणारी शकुंतला रेल्वे आठवली. ती गाडी इंग्रजांच्याच कंपनीची होती, सोडलं असतं थेट लंडनले.

वऱ्हाडी_ठेचा: शकुंतलेनं निघाले असते तर पुढच्या सालच्या मृगात पोचले असते 😂

पुसदची_सिस्टर: विषय काय, चाललं काय! इन्सुलिन अन् गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. घड्याळ बदलल्यावर डोस कधी घ्यायचा ते निघण्याआधीच विचारून घ्या. आईसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगा, पैसे लागत नाहीत. अधूनमधून उठून चाला, नाहीतर पाय सुजतात. पेढे, तूप नेऊ नका, ब्रिटनमध्ये आपल्याकडचं दुधाचं अन् मटणाचं चालत नाही.

सावजी_रस्सा: साळ्याचं लोणचं तर मुंबईतच काढून घेतलं. हातातल्या बॅगेत होतं, तेल सुटलेलं. दोन किलो, घरच्या आंब्याचं.

कापूसकोंड्या: म्हणून म्हणतो, नागपूर-दोहा. नागपूर-मुंबईचं तिकीट अलग काढलं तर मुंबईत सामान घेऊन पुन्हा जमा करा, कधी टर्मिनलही बदला. त्यात गुडघे.

पुसदची_सिस्टर: दोहाच बरं. मधात पाय मोकळे होतात.

दारव्ह्याचा_पोट्टा: सगळ्यांचे आभार. बाबांनी काल ठरवून टाकलं. बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेस, दोन दिवस डोंबिवलीला काकाकडं, मग मुंबईहून थेट. दोहा म्हटलं तर म्हणतात, "दोनदा उडाचं म्हणजे दोनदा जीव मुठीत." तिकिटं एक लाख बासष्टला पडली. व्हीलचेअर सांगितली. गुरुजींचा हिशोब बाबांना पटला, वारा नाही पटला. तूप आईनं कढवून ठेवलंच आहे, ते कसं काढून घ्यायचं तेवढं सांगा.